छताचा सध्याचा वापर: निरंक

सूर्य ही गायके सरांची जुनी ओळख. निवृत्त होईपर्यंत बत्तीस वर्षं त्यांनी भूगोल शिकवला, आणि त्या बत्तीस वर्षांत सूर्याला दरवर्षी नेमानं कर्कवृत्तावर नेऊन पुन्हा मकरवृत्तावर आणून सोडलं. आपलं शहर एकोणीस अंश त्रेपन्न मिनिटं उत्तर अक्षांशावर वसलेलं आहे, हे ते रिक्षावाल्याला पत्ता सांगतानासुद्धा सांगत. त्यामुळे घराच्या छतावर सौर पॅनल बसवायला सरकार अनुदान देतंय, हे वाचल्यावर ही योजना कुणीतरी आपल्याला डोळ्यांपुढे ठेवूनच आखली असणार, असं त्यांना वाटलं.

सिडकोत एन-नऊला त्यांचं रो-हाउस. एका ओळीत नऊ घरं, नऊ गच्च्या, मध्ये कमरेइतके कठडे. त्यातल्या आठ गच्च्यांवर सकाळी मागच्या इमारतीची सावली आणि दुपारनंतर कडुनिंबाची. सरांची गच्ची टोकाची, उघडीबोडकी, सात ते सहा नुसतं ऊन. सरांनी दर तासाला वर जाऊन तशी वहीत नोंदच केली होती. इतकं ऊन रोज फुकट चाललंय, असं ते बायकोला म्हणाले, तेव्हा सत्यभामाबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी एकदा वर पाहिलं आणि पुन्हा मेथीत लक्ष घातलं. सरांनी ती संमती समजली.

अर्ज भरणं हा सरांचा आवडता प्रांत. जनगणना, निवडणूक, शालेय पोषण आहार, कुठलाही तक्ता त्यांच्या हातून कोरा सुटलेला नव्हता. अकराव्या रकान्यात विचारलं होतं: छताचा सध्याचा वापर. सरांनी विचार केला. टाकीचा रकाना वेगळा होता. उरली एक मोडकी खुर्ची आणि कपडे वाळत घालायची तार. सरांनी 'निरंक' असं लिहिलं. सरकारी मराठीतला हा त्यांचा सर्वांत लाडका शब्द. 'काही नाही' म्हटलं की कसं कंगाल वाटतं, 'निरंक' म्हटलं की नसण्यावरसुद्धा शिक्का बसतो.

संध्याकाळी शेजारच्या काकासाहेबांच्या ओट्यावर सरांनी जाहीर केलं, की उन्हाळ्यात कूलर दिवसभर चालवूनही आपलं बिल शून्य येणार. त्या बिलाला चौकट करून ते तालुका आदर्श शिक्षक प्रमाणपत्राच्या शेजारी लावणार होते. खिळा ठोकून तयार होता.

काकासाहेबांनी वैजापूरच्या बाजार समितीत तीस वर्षं काट्यावर काढलेली. जे पोत्यात भरता येत नाही त्याच्या धंद्यावर त्यांचा विश्वास नव्हता. सरांनी त्यांना योजनेचं सगळं अर्थशास्त्र समजावलं: दिवसा आपली वीज कंपनीला द्यायची, रात्री तेवढीच परत घ्यायची, दोन्ही एकाच मीटरवर मोजायचं, आणि फरक असेल तेवढ्याचंच बिल.

"अन् आपलीच जास्त झाली तर?" काकासाहेबांनी विचारलं.

वर्षाच्या शेवटी उरलीच, तर कंपनी विकत घेते, पण जरा कमी दरानं, असं सरांनी सांगितलं.

"मंग कांदाच झाला की तो," काकासाहेब म्हणाले. "आपला इकायचा तवा भाव पडलेला, अन् आपण घ्यायचा तवा चढलेला. काटाबी त्यांचाच." एवढं बोलून त्यांनी माकडं, गारपीट, वीज पडणं आणि पतंगाचा मांजा असे आणखी चार मुद्दे मांडले. ते सरांनी ऐकले नाहीत. धोरण समजायला दृष्टी लागते, असं त्यांचं मत होतं.

त्या दृष्टीची पहिली परीक्षा वीज कंपनीच्या ऑफिसात झाली. सरांचे वडील कडुबा हयात होते तेव्हा एकच होते. कागदोपत्री ते चार निघाले: कडुबा, कडूबा, कडोबा, आणि एका ठिकाणी नुसतेच 'के'. शिवाय लाइटबिलावर शहराचं नाव जुनं, आधारकार्डावर नवं. कारकुनानं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून तुम्ही नेमके राहता कुठं, असं विचारलं. सर म्हणाले, एकोणीस अंश त्रेपन्न मिनिटं उत्तर. कारकून म्हणाला, त्याचा पुरावा लागेल. चारही कडुबा एकच आणि दोन्ही शहरंही एकच, असं प्रतिज्ञापत्र करून आणण्यात जानेवारी संपला.

फेब्रुवारीत सत्यभामाबाई भाच्याच्या लग्नाला माहेरी पिशोरला गेल्या, आणि त्याच चार दिवसांत पॅनल बसवणारा विश्वजीत माणसं घेऊन आला. सहा पॅनल, तीन किलोवॅट. टाकीची सावली पडते म्हणून टाकी जिन्यावर चढली. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, आणि नेमकं त्याच दिवशी जोडणी सुटलेली असल्यामुळे ते सगळं काकासाहेबांच्या ओट्यावर उतरलं. काकासाहेबांनी हा पाचवा मुद्दा आपल्या ध्यानात आला नव्हता, असं प्रामाणिकपणे कबूल केलं.

सत्यभामाबाई परत आल्या, पिशवी खाली ठेवून थेट गच्चीवर गेल्या आणि बराच वेळ दारात उभ्या राहिल्या. गच्ची दिसतच नव्हती. निळ्याकाळ्या काचाच काचा, त्यांच्या खाली सावली, आणि कडेनं एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट.

"अन् वाळवण?" त्यांनी विचारलं.

सर तेव्हा फोनवर विश्वजीतशी बोलत होते. बायकोनं काहीतरी विचारलं एवढंच त्यांना कळलं. पॅनल बसले तरी नवं मीटर आल्याशिवाय ते चालू करायचे नाहीत, असा नियम होता, आणि सरांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. "नेट मीटर येऊ दे," ते म्हणाले. "नेट मीटर आलं की सगळं सुरळीत होतं."

सत्यभामाबाईंच्या मनावरचं ओझं उतरलं. माणूस आपल्या नादात असतो खरा, पण वाळवणाचा विचार त्यानं केलेला आहे, हे ऐकून त्यांना बरं वाटलं.

इथं वाळवणाबद्दल सांगायला हवं, कारण सरांच्या वहीत ते नव्हतं. गेली बावीस वर्षं त्या गल्लीतल्या नऊच्या नऊ घरांचं वाळवण सत्यभामाबाईंच्या गच्चीवर होत होतं. सर दहाला शाळेत जायचे आणि सहाला यायचे. त्या आठ तासांत गच्ची कुरडया, पापड, सांडग्यांनी भरायची आणि निम्मी रिकामीही व्हायची. उरलेलं सर ओलांडून जायचे. कुणाचा चीक कधी शिजवायचा, कुणी सोऱ्या आणायचा, कुणाच्या घरी सुतक आहे म्हणून कुणी तिची पायली करून द्यायची, हे सगळं सत्यभामाबाई ठरवायच्या. शाळेत सरांना जो मान होता, तो एप्रिलच्या महिन्यात गच्चीवर त्यांना होता. त्यांना एकच जाच होता, कावळ्यांचा. बावीस वर्षं त्या नवऱ्याकडे जाळी मागत होत्या. आता नेट येणार होतं, तेही मीटरवर मोजून.

मार्च लागला. नेट मीटरचा पत्ता नव्हता. मीटर तपासणीला रांगेत होतं, मग तपासणी झाली पण शिक्का राहिला, मग शिक्का मारणारे साहेब रजेवर गेले. सर भर दुपारी टोपी घालून गच्चीवर उभे राहत आणि सहा पॅनलवर वाया जाणारं ऊन बघत. त्या काळात त्यांना एकच आधार होता: दर दोन दिवसांनी बायको आपणहून विचारायची, "नेट मीटरचं काय झालं?" बत्तीस वर्षांत तिनं त्यांच्या कुठल्याही विषयात इतका रस घेतला नव्हता. सरांना भरून आलं. एका दुपारी त्यांनी तिला समोर बसवून सगळं धोरण पहिल्यापासून समजावलं. इंग्रजी शब्द तिला अवघड जातील म्हणून 'ग्रिड' न म्हणता शुद्ध मराठीत 'जाळं' म्हणाले.

"हे बघ, दिवसभर ऊन आहे तोवर आपलं जाळ्यात सोडायचं. संध्याकाळी लागेल तसं परत काढून घ्यायचं."

"व्हय, तसंच करत्यात," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"गल्लीत कुणीही सोडू शकतं. सगळ्यांचं एकाच जाळ्यात."

"मंग आवडाबाईचं अन् आपलं मिसळायचं नाय का? तिच्यात जिरं लई असतं."

आवडाबाई म्हणजे काकासाहेबांची बायको. जिऱ्याचा संबंध सरांना कळला नाही, पण शिकणाऱ्याचा उत्साह मोडू नये, हे त्यांना माहीत होतं. "मिसळलं तरी हरकत नाही," ते म्हणाले. "मोजून जितकं दिलं तितकं परत मिळतं."

"तितकं मिळंल, पण तेच मिळंल का?"

हा प्रश्न फारच खोल होता. बीएडच्या वर्गातसुद्धा कुणी असा विचारला नसता. सर म्हणाले, तेच मिळतं असं नाही, पण गुण सारखाच. सत्यभामाबाईंना हे पटलं नाही. आपल्या कुरडया खुणेसाठी जरा मोठ्या घालायच्या, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात फोनवर निरोप आला: गुरुवारी साडेदहाला वीज कंपनीच्या मॅडम तपासणीला येतील आणि मीटर बसवतील. सरांनी सोमवारीच घरात सांगून टाकलं, की गुरुवारी नेट मीटर येतंय. त्याच संध्याकाळी नऊ घरांत गहू भिजत पडले. कुरडयांच्या गव्हाला तीन दिवस लागतात, आणि सोमवार ते गुरुवार बरोबर तीन दिवस होतात. हा योगायोग नव्हता, पण सरांना तेव्हा ते माहीत नव्हतं.

गुरुवारी सकाळी ते मॅडमना आणायला स्वतः ऑफिसात गेले. त्यांना पत्ता सापडणार नाही, अशी भीती होती, कारण तो दोन शहरांतला होता. मॅडमचं नाव प्रेरणा. वय अठ्ठावीसएक, गंभीर चेहरा, हातात टॅब आणि काखेत सरांची फाइल. नियमाबाहेर एक शब्द बोलायचा नाही, अशी त्यांची नोकरीची रीत दिसत होती. सरांना त्या आवडल्या.

मीटर खाली, दाराशेजारच्या पेटीत बसलं. काकासाहेब खुर्ची घेऊन साक्षीला आले. मॅडमनी कळ दाबली, मीटरवर हिरवा दिवा लागला आणि आकडा उमटला: शून्य.

सर म्हणाले, थोडा वेळ लागत असेल. पाच मिनिटं गेली, आकडा हलला नाही. बाहेर डांबर वितळेल असं ऊन, आणि सहा पॅनल मिळून एक दिवा लागेल एवढीही वीज येत नव्हती. विश्वजीतला फोन लावला, त्यानं सगळ्या वायरी नावानं घेऊन तपासायला लावल्या. शून्य. बिल शून्य येणार म्हटला होता तुम्ही, सुरुवात तर चांगली झाली, असं काकासाहेब म्हणाले. शेवटी मॅडमनी फाइल उघडली, छत बघावं लागेल म्हणाल्या, आणि सगळे जिना चढले.

वर गल्लीतल्या नऊ बायका होत्या. सहाही पॅनलवर धुतलेली लुगडी अंथरली होती, आणि त्या लुगड्यांवर, वरपासून खालपर्यंत, पांढऱ्याशुभ्र ओल्या कुरडया घातलेल्या होत्या. आवडाबाई सोऱ्या दाबत शेवटची ओळ संपवत होत्या. नेट येईपर्यंत तात्पुरतं, म्हणून त्यांनी ही सोय केली होती. काचा तापलेल्या, उन्हाकडे तोंड करून कललेल्या. वाळवणाला इतकी नामी जागा बावीस वर्षांत मिळाली नव्हती, यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं.

सत्यभामाबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले आणि मॅडमकडे बघून हसल्या. "या. किती मीटर आणलंय?"

"एक," मॅडम म्हणाल्या.

"एका मीटरमधी काय होतंय, बाई? निदान पंधरा तरी पायजे. नऊ घरं हायेत."

मॅडम म्हणाल्या, नियमानुसार एका जोडणीला एकच. सत्यभामाबाई म्हणाल्या, मग रुंदी तरी किती? सर मध्ये पडले, आणि मग हळूहळू, एकेका वाक्यानं, दोन महिन्यांचं सगळं बोलणं उलगडत गेलं. आवडाबाई कठड्याला टेकून पोट धरून हसल्या. काकासाहेब मागाहून वर पोचले, त्यांना ते पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. सत्यभामाबाई मात्र हसल्या नाहीत.

मॅडमही हसल्या नाहीत. त्यांनी फाइल चाळून अकरावा रकाना काढला. "तुमच्या अर्जात छत मोकळं आहे असं लिहिलंय. छताचा सध्याचा वापर, निरंक."

"निरंक म्हंजे काय?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

सरांनी बत्तीस वर्षांत हजारो शब्दांचे अर्थ सांगितले होते. हा सांगताना त्यांनी आधी टोपी काढून हातात घेतली. "म्हणजे," ते म्हणाले, "काही नाही."

सत्यभामाबाईंनी मान हलवली. बायकांकडे वळून त्या एवढंच म्हणाल्या, "उचला गं."

कुणी हललं नाही, कारण ओली कुरडई उचलली तर तिचा भुगा होतो, हे तिथं सरांशिवाय सगळ्यांना माहीत होतं. सत्यभामाबाई स्वतः पुढे झाल्या आणि पहिल्या लुगड्याचा काठ धरला. ती घड्याळाची नाही, आयुष्याची वेळ होती, असं सर नंतर काकासाहेबांना सांगत. काकासाहेबांना ते वाक्य जरा जड वाटलं.

"राहू दे," सर म्हणाले. "हात लावू नको. वाळू दे त्यांना."

मॅडमनी नियम सांगितला: आज वीजनिर्मिती दाखवली नाही, तर तपासणी अपुरी. पुढची तारीख कधी मिळेल ते सांगता येत नाही, तोवर यंत्रणा बंद ठेवावी लागेल. तीन महिने ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस समोर उभा होता. सरांनी त्याला रीतसर नमस्कार केला. "अपुरी लिहा," ते म्हणाले. मॅडमनी लिहिलं. जाताना त्या दारात थांबल्या, एक कोसळलेली ओली कुरडई उचलून तोंडात टाकली, आणि त्यांच्या कामातलं नसलेलं पहिलं वाक्य बोलल्या. "आमच्याकडं चिकात जरा हिंग घालतात."

त्या दुपारी सर हातात काठी घेऊन कावळे हाकत गच्चीवर बसले. त्यांना स्वतःची लाज वाटली. ऊन फुकट चाललं नव्हतं. ते बावीस वर्षं पुरेपूर कामाला लागलेलं होतं. फक्त ज्या तासांत लागत होतं त्या तासांत ते दुसऱ्यांच्या मुलांना सूर्य शिकवत होते.

चार वाजता सत्यभामाबाई चहा घेऊन वर आल्या आणि शेजारी बसल्या. बराच वेळ दोघंही कावळे हाकत राहिले.

"दोन काढून टाकतो," सर म्हणाले. "दक्षिणेकडचे. तिथं सगळ्यात जास्त ऊन आहे."

"तुमचं बिल शून्य यायचं नाय मंग."

"नाही येणार."

"अन् ते खिळ्याचं?"

"त्याला कॅलेंडर लावू."

सत्यभामाबाईंनी कपातला निम्मा चहा बशीत ओतून सरांना दिला. सरांनी ती संमती समजली. यावेळी ती होती.

विश्वजीतनं बिडकीनला एका गिऱ्हाईकाला दोन पॅनल कमी पडतच होते म्हणून ते परत घेतले. काकासाहेबांनी सगळ्या गल्लीला सांगितलं, की तीन किलोवॅटचा दोन करणारा, म्हणजे चढत्या बाजारात माल घरी परत आणणारा माणूस आपण पहिलाच पाहिला. क्षमता बदलली म्हणून अर्ज नव्यानं करावा लागला. चारही कडुबा पुन्हा एकत्र आले, दोन्ही शहरं पुन्हा जोडली गेली. सरांनी नवा कोरा अर्ज पुढ्यात घेतला. अकराव्या रकान्यापाशी सर थांबले आणि त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं. सत्यभामाबाई आतूनच सांगू लागल्या: कुरडया, उडदाचे पापड, सांडगे, खारोड्या, बटाट्याचा कीस, मिरच्या, हळद, आवडाबाईच्या गाद्या, पलीकडच्या सुलेखाच्या बाळाची दुपटी. रकाना दीड इंचाचा होता. सरांनी त्यात सुवाच्य अक्षरात 'कृ. मा. प.' लिहिलं, कागद उलटला आणि मागची बाजू भरली.

मग ते शहागंजच्या बाजारात गेले. दुकानदारानं विचारलं, "नेट कित्ते मीटर होना?" सर जरा वेळ त्याच्याकडे बघतच राहिले. मग पंधरा म्हणाले, आणि घासाघीस केली नाही.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, सूर्य बरोबर डोक्यावर येतो त्या सुमाराला, प्रेरणा मॅडम पुन्हा आल्या. गच्चीच्या दक्षिणेला हिरव्या जाळीखाली नऊ घरांचं उरलंसुरलं वाळवण पडलं होतं. उत्तरेला चार पॅनल नुसते ऊन पीत होते. खाली कळ दाबली आणि आकडा शून्यावरून हलला, वाढला, वाढतच गेला. सर त्याच्याकडे पहिलीच्या पोरासारखे बघत राहिले. काकासाहेब म्हणाले, काटा त्यांचा असला तरी बरोबर दिसतोय.

मॅडमनी फाइल उघडली, कागद उलटून मागची बाजू पूर्ण वाचली आणि सही केली. मग टॅबवरचा शेवटचा प्रश्न त्यांनी नियमाप्रमाणे मोठ्यानं विचारला. नेट मीटर बसवलं का?

सर उत्तर द्यायला पुढे सरसावले, पण सत्यभामाबाई तळलेल्या कुरडयांची ताटली घेऊन दारात आल्या होत्या.

"एक खाली," त्या म्हणाल्या, "पंधरा वर."